आडवाटेने आकड्यांकडे

अंबरनाथ पश्चिम हा मोजमाप करणाऱ्यांचा भाग आहे. एकीकडे ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची एमपीएफ. दुसरीकडे मोरिवली एमआयडीसीतले केमिकल प्लांट. शिवाय विमको नाका, जिथल्या आगपेटीच्या कारखान्याचे नाव रिक्षावाल्यांनी अजून जिवंत ठेवले आहे. 1919 साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीनेही कारखान्यासाठी हेच गाव निवडले होते. या सगळ्या ठिकाणी पाळीमागून पाळी कोणीतरी मायक्रोमीटर लावत आला, ब्युरेटचे रीडिंग घेत आला, रिॲक्टरचे तापमान पाहून लॉगबुकात आकडा टिपत आला. त्या आकड्यांवरून माल पास की नापास हे ठरत असे. असा निर्णय देणाऱ्याला कोणी डेटावाला म्हटले नाही. तो केमिस्ट होता, इन्स्पेक्टर होता, क्यूसीतला माणूस होता.

त्याच घरांतली पुढची पिढी आता ‘डेटा ॲनालिटिक्स’ या नावाने चालणाऱ्या मास्टर्सच्या जाहिराती वाचते आहे. पदवी बी.एस्सी. केमिस्ट्रीची, बी.कॉम.ची, बीएमएसची, फार्मसीची किंवा अर्थशास्त्रातल्या बी.ए.ची. कॉलेज उल्हासनगरचे, कल्याणचे नाहीतर अंबरनाथचेच. घरात संगणक आहे, पण त्यावर आजवर प्रोजेक्टचे टायपिंग आणि थोडेफार एक्सेल यापलीकडे काही झालेले नाही. मग प्रश्न येतो: कोडिंगचा ओ की ठो कळत नाही, दोन वर्षांत निभावेल का?

निभते. निभावणारे दर वर्षी दिसतात. पण ज्या गोष्टीची भीती वाटते ती या वाटेवरची खरी चढण नसते, आणि जी जमेची बाजू आहे तिच्याकडे विद्यार्थी स्वतःच दुर्लक्ष करतो. पायथॉन आणि एसक्यूएलचे धडे पुढे यथासांग येतीलच. त्याआधी या दोन गोष्टींबद्दल सविस्तर बोलणे हेच या प्रस्तावनेचे काम.

आधी जमेच्या बाजूबद्दल. आकडेवारीचे विश्लेषण हा विषय संगणकवाल्यांनी निर्माण केलेला नाही. तो घडवला दुसऱ्याच कामात बुडालेल्या माणसांनी. विल्यम गॉसेट हे ऑक्सफर्डमध्ये रसायनशास्त्र आणि गणित शिकलेले गृहस्थ 1899 मध्ये डब्लिनच्या गिनेस या बिअर बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला लागले. बार्ली आणि हॉप्स तपासताना त्यांच्या हाती फार तर चार-पाच नमुने असत, आणि इतक्या थोड्या नमुन्यांच्या सरासरीवर किती भरवसा ठेवायचा हे तेव्हाच्या पुस्तकांत नव्हते. त्यांनी ते स्वतः शोधून काढले आणि 1908 मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापले. आज जगभर शिकवली जाणारी टी-टेस्ट ती हीच. मोरिवलीतल्या एखाद्या प्लांटची क्यूसी लॅब आजही एका बॅचमागे मोजकेच नमुने काढते. म्हणजे गॉसेटपुढचा प्रश्न तिथल्या केमिस्टपुढे रोजच असतो, फक्त त्याला टी-टेस्ट हे नाव आहे हे कोणी सांगितलेले नसते.

कारखान्यात भिंतीवर लागणारा कंट्रोल चार्ट मांडला वॉल्टर शूहार्ट यांनी, 1924 मध्ये. शिक्षणाने ते भौतिकशास्त्रज्ञ. 1947-48 च्या सुमारास संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते भारतात येऊनही गेले, आणि महालनोबिस स्वतःही मुळात भौतिकशास्त्राचेच. आकडे घेऊन बसल्यावर सूत्राआधी चित्र काढा, असा धोशा लावणारे जॉन टकी यांच्या पहिल्या दोन पदव्या रसायनशास्त्रातल्या होत्या. बॉक्स प्लॉट ही त्यांचीच देणगी.

मराठी मुलखातली उदाहरणे तर अधिक बोलकी आहेत. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक. 1945 पासून 1962 पर्यंत ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, राहायला पुण्यात, आणि ये-जा डेक्कन क्वीनने. म्हणजे अंबरनाथ-बदलापूरच्या रुळांवरून वर्षानुवर्षे जाणारे हे गृहस्थ. गाडी अर्थातच इथे थांबत नव्हती. पण त्यांचे मुद्द्याचे काम त्याच्या थोडे आधीचे आहे. तक्षशिलेला सापडलेल्या आहत नाण्यांचा क्रम लावायचा तर नाणे वापरात किती झिजते हे कळायला हवे. कोसंबींनी त्यासाठी आपल्या काळातली चलनातली हजारो नाणी संवेदनशील तराजूवर तोलली. वर्षे उलटतात तसे सरासरी वजन घटते आणि नाण्या-नाण्यांतला फरक वाढत जातो, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले आणि मग तोच नियम प्राचीन चांदीच्या नाण्यांना लावला. याच माणसाने 1944 मध्ये जनुकशास्त्रात एक सूत्र दिले, आणि ते आजही ‘कोसंबी मॅप फंक्शन’ म्हणून वापरात आहे. गणितातून इतिहासाकडे गेलेला हा प्रवास इतिहासातून गणिताकडे येणाऱ्यालाही धीर देणारा आहे. मात्र त्यातला तराजू विसरता कामा नये. कोसंबींकडे आयती फाइल नव्हती. माहिती त्यांनी स्वतः तोलून मिळवली.

सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांची गोष्टही अशीच. शेतातले पीक किती आले याचा अंदाज तलाठ्याच्या नजरेवर न सोडता, यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या शेतातला छोटा तुकडा कापून, मळून, तोलून काढायचा, या पद्धतीला शास्त्रशुद्ध पाया देणाऱ्यांत ते अग्रणी होते. ‘पीक कापणी प्रयोग’ हा शब्द आज विम्याच्या निमित्ताने प्रत्येक शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. पुढे सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. परतल्यावर पुण्यातच त्यांचा अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांशी गाजलेला वाद झाला. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये दारिद्र्याची रेषा माणशी रोज 2,250 कॅलरींवर आखली. 1960-61 च्या किमतींनी ती खेड्यात वर्षाला 180 रुपये आणि शहरात 270 रुपये खर्चाइतकी भरत होती. सुखात्म्यांचे म्हणणे असे की शरीराची गरज रोज सारखी नसते, माणसागणिकही नसते. सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशीच असे धरले तर कुपोषितांची संख्या फुगते. त्यांनी सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा करून रेषा बरीच खाली आणली. आकडे तेच, सर्वेक्षण तेच, आणि उपाशी माणसांची संख्या मात्र कोट्यवधींनी वेगळी. या वादात कोण बरोबर यावर अजून एकमत नाही. पण डेटा ॲनालिटिक्स म्हणजे काय असे विचारणाऱ्याला हा एक वाद समजावून सांगितला तरी अर्धी ओळख होते. दोघांपैकी कोणीही प्रोग्रामर नव्हता.

आता चढणीबद्दल.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात अडखळायला होते ते मुख्यतः गणितापाशी. 2024 पासून गेट परीक्षेत डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपर आला. त्याच्या अभ्यासक्रमाचे सात विभाग आहेत आणि त्यातले पहिले तीन असे: संभाव्यता व संख्याशास्त्र, रेषीय बीजगणित, कॅल्क्युलस व ऑप्टिमायझेशन. प्रोग्रामिंगचा नंबर चौथा. वाणिज्य आणि कला शाखेच्या पदवीधरांनाही गेटला बसता येते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. पण बसणाऱ्याने हे तीन विभाग आधी वाचावेत.

अडचणीचे मूळ बहुतेक वेळा अकरावीच्या प्रवेश अर्जात सापडते. कॉमर्सच्या मुलांना तेव्हा मॅथ्स की एसपी असा पर्याय असतो, आणि सेक्रेटेरियल प्रॅक्टिस घेतली की टक्के सुटतात असा सल्ला घराघरांत दिला जातो. सायन्सला पीसीबी घेणाऱ्यांचे गणित तिथेच संपते. पाच वर्षांनी मास्टर्सच्या पहिल्याच सत्रात मॅट्रिक्सचा गुणाकार समोर उभा राहिला की सुटलेली ती दोन वर्षे जाणवतात. पायथॉनची वाक्यरचना तीन-चार महिन्यांच्या नेटाच्या सरावाने हातात बसते. संभाव्यतेचा विचार अंगवळणी पडायला त्याहून जास्त वेळ लागतो आणि तो घाईने होत नाही. प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये असेल तर आधीचा उन्हाळा बारावीच्या गणिताच्या पुस्तकावर घालवावा; महागड्या कोडिंग क्लासपेक्षा तो अधिक कामाचा ठरतो. बारावी पास झालेल्या धाकट्या भावंडाचे पुस्तक घरात असेल तर खर्चही नाही.

तरी पाटी अगदी कोरी असते असेही नाही. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या बी.कॉम.ला ‘मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्स’ हा पेपर अनेकांनी दिलेला असतो. प्रमाण विचलन, संभाव्यता, कोरिलेशन, रिग्रेशन हे सगळे त्यात येऊन गेलेले असते. फक्त ते पासिंगपुरते वाचले जाते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. मशीन लर्निंगच्या पुस्तकात पहिल्या काही प्रकरणांत जे रिग्रेशन भेटते ते हेच: विखुरलेल्या ठिपक्यांमधून सर्वांत कमी चूक होईल अशी रेष काढायची. तिथे ठिपके दहा होते, इथे दहा लाख असतील.

कोडबद्दलही असेच. ज्याने एखाद्या सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करताना किंवा गोदामाच्या हिशेबात एक्सेलवर पिव्होट टेबल केले आहे, त्याला पायथॉनमधले ‘ग्रुपबाय’ नवे नाही. व्हीलूकअप वापरणाऱ्याला एसक्यूएलचा ‘जॉइन’ समजायला एक दुपार पुरते. ही भाषांतरे कोणी करून दिली नाहीत की विद्यार्थ्याला वाटते आपण परक्या देशात आलो. वास्तविक ही अवजारेसुद्धा कामाच्या गरजेतूनच बनली. ‘आर’ ही भाषा ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या संख्याशास्त्राच्या दोन अध्यापकांनी 1990 च्या दशकात आपल्या वर्गासाठी लिहायला घेतली. पायथॉनमधले ‘पांडास’ वेस मॅकिनी यांनी 2008 मध्ये एका गुंतवणूक कंपनीत काम करताना सुरू केले. त्यांची पदवी गणिताची होती आणि रोजच्या तक्त्यांनी ते वैतागले होते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे पाठ तयार केले आहेत आणि त्यातले बरेच मराठीत ऐकता येतात. इंग्रजीमुळे बिचकणाऱ्याने सुरुवात तिथून करायला हरकत नाही.

मग संगणकाच्या पदवीधरापेक्षा या आडवाटेच्या विद्यार्थ्याकडे जास्तीचे असते ते काय? समोरचा आकडा कुठून आला, हे त्याला माहीत असते किंवा विचारायचे सुचते. याचे उदाहरण बाहेर शोधायला नको, अंबरनाथच घेऊ.

समजा एका तक्त्यात रेल्वे स्थानकांची यादी आहे आणि दुसऱ्यात जनगणनेतल्या शहरांची लोकसंख्या. दोन्ही गावाच्या नावाने जोडायचे. प्रोग्राम चालतो, कुठलीही एरर येत नाही, आणि निकालात अंबरनाथची ओळच नसते. कारण रेल्वेच्या रोमन पाटीवर ‘बी’ नंतर ‘ई’ आहे आणि जनगणनेच्या तक्त्यात त्या जागी ‘ए’. बदलापूरही गळते, कारण स्थानक नुसते बदलापूर आणि नगरपरिषद कुळगाव-बदलापूर. उल्हासनगरच्या पत्त्यांत तर कॅम्प नंबर कुठे आकड्यात, कुठे रोमन अंकात, कुठे अक्षरात. यंत्राला या तिन्ही गोष्टी वेगळ्या वाटतात. इथल्या पोस्टमनला वाटत नाहीत.

हे झाले वरवरचे. खरी गोम हद्दीत आहे. 1983 मध्ये कल्याण महापालिका स्थापन झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यात घेतले गेले, आणि 1992 मध्ये पुन्हा वेगळे झाले. 1991 ची जनगणना नेमकी या मधल्या काळात झाली. परिणामी 1991 च्या ‘कल्याण’मध्ये अंबरनाथ आहे आणि 2001 च्या कल्याण-डोंबिवलीत नाही. हे न कळता दोन आकड्यांमधून वाढीचा दर काढला तर झपाट्याने फुगणारे शहर त्या दशकात एकाएकी सुस्तावलेले दिसते. त्यावर कोणी ‘कल्याणची वाढ का मंदावली’ असा निबंधही लिहू शकेल, उत्तम आलेखांसह. अंबरनाथच्या एखाद्या आजोबांना विचारले असते तर त्यांनी महापालिकेच्या काळातली घरपट्टीची पावती काढून दाखवली असती.

2011 मध्ये अंबरनाथ नगरपरिषदेची लोकसंख्या 2,53,475 होती, कुळगाव-बदलापूरची 1,74,226 आणि उल्हासनगरची 5,06,098. ज्याला ही तीन गावे पायाखालची आहेत त्याला या आकड्यांमागे वालधुनी नदी, कॅम्पातले जीन्सचे कारखाने, बदलापुरात गेल्या वीस वर्षांत उभे राहिलेले टॉवर दिसतात. कुठला आकडा संशयास्पद आहे हे त्याला आधी जाणवते. कोडने तपासणे त्यानंतर येते.

अशा जाणकारीला अभ्यासक्रमाचे रूप कसे द्यायचे हे पाहायचे असेल तर अंबरनाथहून फास्ट लोकलने कुर्ल्याला उतरून हार्बरने गोवंडी गाठावी. तिथल्या देवनारमध्ये इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस ही 1956 मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. 1992-93 पासूनच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या पाच फेऱ्या याच संस्थेने समन्वित केल्या. पाचव्या फेरीत देशभरातल्या 6,36,699 कुटुंबांच्या मुलाखती झाल्या. संस्थेत ‘सर्व्हे रिसर्च अँड डेटा ॲनालिटिक्स’ असा मास्टर्सचा अभ्यासक्रमही आहे, आणि नावातला क्रम बोलका आहे: आधी सर्वेक्षण, मग विश्लेषण.

या सर्वेक्षणाची फाइल उघडली की कौटुंबिक हिंसेच्या रकान्यांत बहुतेक ओळी रिकाम्या दिसतात. नवशिका विश्लेषक अशा रिकाम्या जागा ‘मिसिंग’ समजून सरासरीने भरून टाकतो. अनेक ऑनलाइन धडे हेच शिकवतात. इथे तसे करणे म्हणजे अनर्थ. हे प्रश्न निवडक कुटुंबांतच विचारले जातात, एका घरात एकाच स्त्रीला विचारले जातात, आणि एकांत मिळाला नाही तर मुलाखतकार बाई ते विचारतच नाहीत. रिकाम्या चौकटीमागे दारात उभी असलेली सासू असू शकते. समाजशास्त्र, सोशल वर्क किंवा नर्सिंग शिकलेल्या मुलीला हे समजावून सांगावे लागत नाही. शिवाय महाराष्ट्रातल्या मुलाखती 2019 मध्ये, म्हणजे कोविडच्या आधी उरकल्या होत्या, आणि काही राज्यांतल्या टाळेबंदीनंतरही चालू होत्या. दोन राज्यांची तुलना करणाऱ्याने हे पाहायलाच हवे, आणि ते अहवालाच्या सुरुवातीच्या पानांत लिहिलेले असते. ती पाने मात्र फारसे कोणी वाचत नाही.

चुका कोणाच्याही हातून होतात, आणि मोठ्या मोठ्यांच्या हातून झालेल्या आहेत. 2010 मध्ये दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी असा निष्कर्ष मांडला की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या 90 टक्क्यांपलीकडे गेले की वाढ खुंटते. अनेक देशांतल्या काटकसरीच्या धोरणांना त्याचा आधार मिळाला. 2013 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने वर्गातला गृहपाठ म्हणून ते गणित पुन्हा करून पाहिले. जुळेना. मूळ एक्सेल फाइल मागवली, तर सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी निवडल्याच गेल्या नव्हत्या. वजन देण्याच्या पद्धतीतही गडबड होती. उणे 0.1 टक्के म्हणून छापलेली वाढ दुरुस्तीनंतर 2.2 टक्के निघाली. हर्नडनकडे कुठलेही अद्भुत तंत्र नव्हते. एक फाइल होती आणि चिकाटी होती.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 2020 मध्ये 15,841 कोरोनाबाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत, कारण जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये 65,536 च्या वर ओळी मावत नाहीत. त्याच वर्षी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने काही जनुकांची नावेच बदलली; एक्सेल ‘मार्च-1’ या जनुकाची तारीख करून टाकत असे. आपल्याकडे 03/04 म्हणजे 3 एप्रिल, अमेरिकी सेटिंग असलेल्या संगणकात 4 मार्च. आर्थिक वर्षाच्या सीमेवर हा गोंधळ झाला तर काय होते, हे बी.कॉम.वाल्याला वेगळे सांगायला नको.

अभ्यासक्रम निवडताना नावाला भुलू नये. ‘डेटा सायन्स’, ‘डेटा ॲनालिटिक्स’, ‘बिझनेस ॲनालिटिक्स’ ही लेबले संस्थागणिक वेगळ्या मालाला लावलेली आढळतात. सत्रवार पेपरांची यादी मिळवावी आणि त्यात संख्याशास्त्राचे पेपर किती, प्रत्यक्ष प्रकल्पाला किती श्रेयांक, आणि पहिल्या सत्रात गणिताची व प्रोग्रामिंगची पायाभरणी होते का, एवढे तीन प्रश्न विचारावेत. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची डेटा सायन्सची एम.एस्सी. गणिताकडे झुकलेली आहे. आयआयएम कलकत्ता, आयएसआय आणि आयआयटी खरगपूर यांचा 2015 पासूनचा संयुक्त पदविका अभ्यासक्रम व्यवस्थापनाकडे. ज्याला नोकरी सोडता येत नाही त्याच्यासाठी इग्नूचे उपयोजित संख्याशास्त्राचे दूरस्थ शिक्षण हा साधा, स्वस्त आणि उगाच दुर्लक्षिलेला पर्याय आहे. त्याच्या नावात ‘डेटा’ नाही, म्हणून तो कोणाच्या नजरेत भरत नाही.

परदेशात या आडवाटेला राजमान्यता आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाने 2007 मध्ये ॲनालिटिक्सचा मास्टर्स सुरू केला. जॉर्जिया टेकने 2017 मध्ये असाच अभ्यासक्रम ऑनलाइन आणला, 10 हजार डॉलरपेक्षा कमी खर्चात. ब्रिटनने 2020 मध्ये इतर विषयांच्या पदवीधरांना एआय आणि डेटाकडे वळवण्यासाठी 2,500 जागांची सरकारी योजना सुरू केली आणि त्यात 1,000 शिष्यवृत्त्या ठेवल्या. तरी कर्ज काढून जाणाऱ्याने एक हिशेब मांडावा. ब्रिटन-आयर्लंडमधला मास्टर्स एका वर्षाचा असतो. त्यात भाषा, हवामान, पार्ट-टाइम नोकरी आणि शिवाय शून्यापासून संभाव्यता हे सगळे बसत नाही. पाया इथे घालून गेलेला निभावतो. तिथे जाऊन बघू म्हणणाऱ्याची ओढाताण होते.

आणि आता कोड लिहून देणारी यंत्रे आली आहेत. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून अर्धविराम चुकला म्हणून रात्र जागवण्याचे दिवस जवळजवळ संपले. नॉन-आयटी विद्यार्थ्याला हे वरदान वाटते, आणि काही अंशी आहेही. पण यंत्राने लिहिलेला जॉइन अंबरनाथची ओळ तितक्याच सहज गाळतो. वर निकाल सुबक परिच्छेदात मांडून देतो. नोकरीच्या मुलाखतीत आता ‘हा कोड लिहा’पेक्षा ‘हे उत्तर खरे कशावरून’ असे विचारले जाऊ लागले तर नवल नाही.

सरावासाठी माहिती विकत घ्यावी लागत नाही. केंद्र सरकारचे खुल्या माहितीचे संकेतस्थळ 2012 पासून आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या मूळ नोंदी सांख्यिकी मंत्रालयाकडून मोफत मिळतात. पण पहिला प्रकल्प ओळखीच्या विषयावर करावा. फार्मसीच्या विद्यार्थ्याने औषधांच्या किमतींवर, केमिस्टने आपल्या लॅबच्या जुन्या बॅचवर (मालकाची परवानगी घेऊन), बदलापूरकराने पावसावर. जुलै 2019 मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. त्या आठवड्यातला पाऊस, बारवी धरणाची पातळी आणि उल्हास नदीच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या तरी एका सत्राचे काम होते.

दुसरा एक प्रकल्प तर चालून येतो आहे. पुढील जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 अशी ठरली आहे आणि या वेळी नोंदी मोबाइलवर घेतल्या जाणार आहेत. नवे आकडे आले की जो तो 2011 शी तुलना करू लागेल. त्या वर्षी ठाणे 1,10,60,148 लोकसंख्येचा, देशातला सर्वांत मोठा जिल्हा होता. 1 ऑगस्ट 2014 रोजी वसई, पालघर, डहाणू, जव्हार हे तालुके आणि त्यांच्यासोबत आणखी चार वेगळे होऊन पालघर जिल्हा झाला. तेव्हा जुना ठाणे जिल्हा तालुकावार सोडवून, पालघरचे आठ तालुके बाजूला काढून 2011 चा आकडा नव्याने बेरजेला घ्यावा लागेल. एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रातल्या विद्यार्थ्याला हे शनिवार-रविवारात जमण्याजोगे आहे, आणि लागणारे तालुकावार तक्ते जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर आजच उपलब्ध आहेत.